पासष्टच्या वर

तालमीत शलाका तोडणकरची जुळणी तिसऱ्यांदा एकावन्नावर अडकली, तेव्हा पराग सबनीसने समोर बसलेल्या आठही माणसांना चहाला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

“मॅडम, तुमचं सगळं बरोबर आहे,” तो म्हणाला. “तिथंच तर घोळ आहे.”

शलाका जिल्ह्याच्या पूल-तपासणी विभागात अभियंता होती. पंधरा वर्षं तिने होडीत उताणं पडून पुलांची पोटं तपासण्यात घालवली होती. चारचौघांत बोलायची तिला कधीच हौस नव्हती. पण हरेशेत आणि माडबेट यांना जोडणारा खाडीपूल बंद करायचा, तर निर्णय समितीपुढे उभं राहून वीस मिनिटं बोलणं भाग होतं. आणि त्या वीस मिनिटांत जुळणी पासष्टच्या वर नेणंही.

एकच गोष्ट दहा जण मन लावून ऐकत असले, की त्यांच्या मेंदूंतली हालचाल हळूहळू एका लयीत वरखाली होऊ लागते, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. पुढे कपाळाला बांधायची पट्टी निघाली. तिच्यातले अवरक्त किरण कवटीतून आत जात आणि कपाळामागे रक्तातला प्राणवायू कुठे किती खर्च होतोय ते टिपत. बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्यांची लय किती जुळली, याचा शंभरपैकी आकडा यंत्र देई. लोक त्याला नुसतं ‘जुळणी’ म्हणू लागले. बैठकांत डुलक्या काढणाऱ्या आणि न समजता सह्या ठोकणाऱ्या समित्यांना कंटाळून शासनाने नियम केला: जुळणी पासष्टच्या खाली राहिली, तर समितीला विषय कळलेलाच नाही असं धरायचं आणि तो निर्णयाला घ्यायचा नाही. नियम वाईट नव्हता. बैठका आटोपशीर झाल्या. माणसं नीट बोलायला शिकली. त्यांना शिकवणारे सबनीससारखे सल्लागार गावोगाव तयार झाले.

सबनीसने तालमीचा आलेख भिंतीवर टाकला. रेघ बरी चढत होती. पुलाचा फोटो आला तेव्हा सत्तर, गंजलेल्या तारा दिसल्या तेव्हा बहात्तर. आणि मग शलाकाचं ते वाक्य: ‘येत्या चार महिन्यांत पूल पडण्याची शक्यता शंभरात सतरा आहे.’ तिथे रेघ कड्यावरून घसरल्यासारखी खाली आली होती, आणि पुन्हा वर चढलीच नव्हती.

“तुम्ही ‘शक्यता’ म्हणालात की आठ माणसं आठ वाटांनी जातात,” सबनीस म्हणाला. “एकाला सतरा म्हणजे फार वाटतं. दुसरा म्हणतो, म्हणजे त्र्याऐंशी वेळा काहीच होणार नाही. तिसऱ्याला पोराचे मार्क आठवतात. कळत नाही म्हणून लय मोडते असं नाही. प्रत्येकाला आपापलं कळतं, म्हणून मोडते.”

“मग काय सांगू?”

“तारीख सांगा. तारीख सगळ्यांना सारखीच कळते.”

“तारीख कुणालाच माहीत नाही, सबनीस. मलाही नाही.”

“मग अवघड आहे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात उपरोध नव्हता.

समितीपुढे ती आपलंच म्हणणं घेऊन गेली. सबनीसने शिकवलेलं बाकी सगळं तिने केलं. सुरुवातीलाच माणसं दाखवली, आकडे तीनच ठेवले, मध्ये थांबून श्वास घेतला. पूल बाहेरून धडधाकट का दिसतो, ते सांगितलं. त्याच्या काँक्रीटच्या पोटात पोलादी तारांचे जुडगे ताणून बसवलेले असतात आणि सगळा भार तेच पेलतात. खाऱ्या हवेने त्या तारा आतल्या आत गंजतात आणि एकेक करून तुटतात. तुटलेल्या तारेचा भार शेजारची उचलते, त्यामुळे वरून तडाही दिसत नाही. आणि एक दिवस उचलायला कुणी उरत नाही. पुलाला चिकटवलेले ध्वनिसंवेदक प्रत्येक तुटीचा आवाज टिपतात. दोन वर्षांपूर्वी महिन्याला एखादी तार तुटायची. गेल्या महिन्यात अकरा तुटल्या होत्या.

जुळणी अठ्ठावन्न आली.

अध्यक्षांनी कपाळावरची पट्टी सोडली. गृहस्थ भला होता. “तोडणकर, विषय गंभीर दिसतोय. पण यंत्र म्हणतं, आम्हाला कळला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा या.”

“सर, तुम्हाला कळला ना?”

“मला कळला हो. पण नियम माझ्या एकट्याच्या कळण्यावर नाही चालत.”

त्या महिन्यात एकोणीस तारा तुटल्या. आवाज शलाकाच्या फोनवर येत, अगदी बारीक, कुणी नखाने पत्र्यावर टिचकी मारावी तसे. जेवताना यायचे, भाजी घेताना यायचे. तिची थोरली बहीण केतकी माडबेटला दिलेली होती. शलाकाने तिला फोन करून सांगितलं, “ताई, पुलावरून येऊजाऊ नका. खाडीतल्या तरीच्या होडीने जा.”

“अगं, परवाच तर रंग दिलाय पुलाला,” केतकी हसली. “आणि तर ओहोटीला चिखलात बसते, विसरलीस काय? मुलगी कॉलेजला कशी जायची?”

शलाका पुन्हा सबनीसकडे गेली आणि उभ्यानेच म्हणाली, “तारीख कशी काढायची?”

सबनीसने तिच्यासाठी खुर्ची ओढली. “तुमचा सगळ्यात वाईट अंदाज कितीचा आहे?”

“सगळ्यात वाईट धरला तर तीन आठवडे.”

“मग तेच सांगा. फक्त ‘सगळ्यात वाईट’ हे दोन शब्द गाळा.”

फोटोसाठी ती सकाळच्या एसटीने माडबेटला जाऊन आली. गाडी रज्जाक मुकादम चालवत होते. एकोणीस वर्षं याच फेरीवर होते. कोणती म्हातारी कुठल्या माडाखाली उतरते, हे त्यांना पाठ होतं. तिने फोटोला परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, “काढ गो बाय. पण हसू काय गंभीर राहू, ते सांग.”

दुसऱ्या सादरीकरणात तिने तोच फोटो आधी दाखवला. मग तारा. मग ती थांबली, सात जणांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, “हा पूल एकवीस दिवसांत पडणार आहे.”

खोलीत कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. जुळणी चौऱ्याहत्तर झाली होती. संध्याकाळपर्यंत पुलाच्या दोन्ही तोंडांना सिमेंटचे ठोकळे येऊन पडले. शलाका घरी जाऊन पोटभर जेवली. कित्येक आठवड्यांनी.

पूल बंद झाला तसं माडबेटचं जगणं भरती-ओहोटीच्या घड्याळावर गेलं. तर सुटली तर सुटली, नाहीतर मागच्या चिंचोळ्या जमिनीवरून, डोंगराला वळसा घालून चोपन्न किलोमीटर. लोकांनी कुरकुर केली, पण सोसलं. एकवीसच दिवस तर होते. तेराव्या दिवशी दुपारी केतकीच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, छातीत दुखायला लागलं. पूर्ण ओहोटी होती. तर चिखलात बसलेली. रुग्णवाहिका वळशाच्या रस्त्याने निघाली आणि अण्णा निम्म्या वाटेवर गेले. पुलावरून इस्पितळ अकरा मिनिटांवर होतं.

शलाका भरतीच्या तरीने भेटायला गेली. ओसरीवर माणसं बसली होती. तिला पाहून बोलणी थांबली. केतकी मागच्या दारी पायरीवर होती.

“अकरा मिनिटं गं, शलू,” ती म्हणाली.

शलाका शेजारी बसली.

“एक सांग मला,” केतकी तिच्याकडे न बघता म्हणाली. “तो पूल पडणार आहे ना? नक्की? म्हणजे निदान असं तरी म्हणता येईल, की अण्णा गेले पण बाकीचे वाचले.”

खरं सांगायला याहून योग्य वेळ पुन्हा येणार नव्हती. शलाकाला ते तिथंच, त्या पायरीवर कळलं होतं.

“हो, ताई,” ती म्हणाली. “नक्की.”

एकविसावा दिवस गेला. बाविसाव्या दिवशी सकाळी दोन्ही काठांवर माणसं जमली. पूल उन्हात, नव्या रंगात, होता तसा उभा होता. कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणीतरी नारळ फोडला. दुपारी तरण्या पोरांनी दोर लावून ठोकळे ओढून काढले आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी समितीने पूल रीतसर खुला केला.

बंदच्या तीन आठवड्यांत दोनच तारा तुटल्या होत्या. वाहनांचा भार नव्हता, म्हणून पूल तगला होता. कदाचित. शलाकाने अध्यक्षांना गाठून हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी हात जोडले. “सादरीकरण खोटं ठरलं की सहा महिने समितीपुढे येता येत नाही, तोडणकर. हाही नियमच आहे. आणि खरं सांगू? आता मी पट्टी बांधून बसलो, तरी माझंच डोकं तुमच्याशी जुळायचं नाही.”

तिची बदली जुन्या नकाशांच्या विभागात झाली. ‘पुलाविषयी जाहीरपणे बोलू नये’ असं लेखी पत्र मिळालं. संवेदकांचे आवाज तिच्या फोनवर यायचे बंद करायला मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. वाहतूक सुरू झाल्यावरच्या आठवड्यात चौदा तारा तुटल्या. चौदावा आवाज आला आणि दुसऱ्याच दिवशी फोन गप्प झाला. पूल शांत झाला नव्हता. आपली चूक कुणाच्या तरी लक्षात आली होती.

केतकीला तिने चार फोन केले. केतकीने एकही उचलला नाही.

शेवटी ती हरेशेतच्या थांब्यावर रज्जाकना भेटली. “काका, मला बेटावरच्या लोकांशी बोलायचंय. माझ्या नावाने कुणी येणार नाही. तुम्ही सांगाल?”

रज्जाकनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “फोटो काढलास, समितीला दाखवलास. आता आणि काय दाखवायचं राहिलं?”

“काहीच दाखवायचं नाहीये. बोलायचंय.”

रविवारी अकराला, मासळीचा लिलाव उरकल्यावर, माडबेटच्या जेटीवरच्या शेडमध्ये साठ-सत्तर माणसं जमली. खाली ओलं होतं, म्हणून बहुतेक जण उभेच होते. पडदा नव्हता, पट्ट्या नव्हत्या. शलाकाने बोलायची काहीच तयारी केली नव्हती. आदल्या दिवशी लिहिलेले चार कागद तिने तरीतच फाडून टाकले होते. मागे खांबाला टेकून केतकी उभी होती.

“मी शलाका तोडणकर. पूल बंद करणारी ती मीच,” ती म्हणाली. “एकवीस दिवसांत पडेल, हे मी खोटं सांगितलं.”

मग एकदम गलका उठला. कुणी शिव्या दिल्या. “अण्णांना खाल्लंन हिने!” एक जण ओरडला. शलाका केतकीकडे बघत होती. केतकी जागची हलली नाही.

“खाल्लं,” शलाका म्हणाली. “ताई, तुझ्या दारात बसून तुलाही खोटंच सांगितलं. पण पूल आजारी आहे, हे खोटं नाही.” आणि मग गलक्यातच, अडखळत, तिने तारांचं सांगितलं. किती होत्या, किती तुटल्या, उरलेल्यांवर किती ताण आहे. पूल बंद असताना तुटणं कमी का झालं असावं, तेही सांगितलं. आवाज हळूहळू खाली बसले. एक म्हातारा नाखवा पुढे येऊन म्हणाला, “म्हंजे दोरावानी. वरनं गुळगुळीत, आतनं कुजका. आनि तुटतो तो भर समुद्रात.”

“तसंच, आजोबा.”

“मग पडायचा कधी?” रज्जाकनी विचारलं.

“माहीत नाही, काका. उद्या पडेल. वर्षभर नाहीही पडणार. शंभरात वीस-पंचवीस म्हणून मी हिशोब मांडते, आणि तोही चुकू शकतो.”

शेडमध्ये लोक आपापसांत बोलायला लागले. कुणी म्हणालं, इतक्याशा भीतीपायी कुणी धंदा बंद ठेवतो काय. कुणी म्हणालं, पोरांना तरी तरीने धाडू. दोघंतिघं तडक निघून गेले. एक बाई रडत होती. साठ माणसं साठ वाटांनी चालली होती, आणि शलाका ते नुसती बघत राहिली. केतकी वळून घरी गेली.

सोमवारी जांभ्या दगडाचे ट्रक नेहमीसारखेच पुलावरून गेले. पण केतकीने मुलीला तरीने पाठवलं. शाळेच्या रिक्षावाल्याने पुलापलीकडची भाडी सोडून दिली. आणि रज्जाकनी एक केलं: पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवायची, सगळ्यांना उतरवायचं. माणसं आणि कंडक्टर चालत पलीकडे पोहोचले, की मग रिकामी गाडी सावकाश न्यायची. आगारातून विचारणा झाली. लोकांना हवा खायची असते, असं त्यांनी कळवलं.

शलाकाने त्यांना फोन केला. “काका, तुम्हीसुद्धा नका ना जाऊ.”

“गाडी पलीकडे न्यायला लागते, बाय. पलीकडची माणसं ताटकळतात. आणि तूच म्हणालीस, वर्षभर नाहीही पडायचा.”

“सावकाश न्या,” एवढंच ती म्हणाली.

दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी पावणेनऊला, ती नकाशांच्या विभागात फाइली लावत असताना फोन वाजला. केतकीचा होता, महिन्याभरानंतरचा पहिलाच.

“शलू,” केतकी म्हणाली. तिच्या मागे माणसांचा आक्रोश ऐकू येत होता. “शलू, पूल...”

सत्तावीस उतारू आणि कंडक्टर चालत बेटाच्या काठाला लागले होते. मागून गाडी येत होती. आधी काही करकरलं नाही, काही वाकलं नाही, असं सगळ्यांनीच नंतर सांगितलं. दोन खांबांमधला मधला गाळा एकदम सरळ खाली गेला. सत्तावीस माणसांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा तिथे धूळ होती आणि खाली पाणी उसळत होतं. रज्जाक मुकादम दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला, स्टिअरिंगपाशीच सापडले.

दफन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी शलाका मुकादमांच्या घरी गेली. तरीच्या धक्क्यावर केतकी तिची वाट बघत उभी होती. दोघी चालत गेल्या. फाटकाशी शलाकाचे पाय थांबले, तेव्हा केतकीने तिचं मनगट धरलं आणि आत नेलं.

रज्जाकांची बायको हमीदा चटईवर बसली होती. तिने दोघींना बसायची खूण केली. भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

“ते घरी येऊन सगळं सांगायचे,” हमीदा म्हणाली. “जेटीवर तुम्ही काय बोललात तेही. म्हणाले, पोरगी खरं बोलली. म्हणूनच माणसांना उतरवायचे.” ती थांबली. “मला एकच विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही ‘नक्की पडणार’ म्हणाला असता, तर त्यांनी गाडी घातली असती काय?”

केतकीने मान खाली घातली. शलाकाच्या ओठांवर दोन उत्तरं आली: ‘तरीही घातली असती’ आणि ‘नक्की असं कुणालाच सांगता आलं नसतं’. दोन्ही सोपी होती, आणि दोन्हींनी हमीदाला थोडं तरी बरं वाटलं असतं.

“कदाचित नसती घातली,” शलाका म्हणाली.

हमीदाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता की काय होतं, ते शलाकाला ओळखता येईना.

“तीन दिवस ती सत्तावीस माणसं एकेक करून येताहेत,” हमीदा म्हणाली. “कुणी मासे आणतं, कुणी तांदूळ. पाया पडतात. मी त्यांच्याशी काय बोलायचं, सांगा. मला तर एकेकाचं तोंड बघून वाटतं, याच्याऐवजी...” तिने पदर तोंडात कोंबला आणि तिचं अंग गदगदून हलायला लागलं.

बाहेर फाटक वाजलं. एक म्हातारी टोपलीत शहाळी घेऊन, आत यावं की नाही अशा घोटाळ्यात उभी होती. हमीदा उठेना. शलाका उठली, बाहेर गेली, तिने म्हातारीच्या हातातली टोपली उतरवून घेतली, आणि तिला फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवून स्वतः शेजारी बसली.